दत्ता मुंगसेचे सेटिंग पीस

यशस्वी ट्रेडर जन्माला येत नाही, तो घडवला जातो.

हे वाक्य माझं नाही. वाकडला ज्या ॲकॅडमीत मी शनिवार-रविवार शिकवते, तिच्या रिसेप्शनच्या भिंतीवर ते सोनेरी ॲक्रिलिकच्या अक्षरांत लावलेलं आहे. अक्षरांमागे दिवे आहेत. संध्याकाळी सहाला ते आपोआप लागतात आणि खाली उभ्या असलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर थोडं तेज येतं. त्या शनिवारी त्या तेजात दत्ता मुंगसे उभा होता. त्याच्या हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये राजीनाम्याचं पत्र होतं.

"मॅडम, जरा इंग्लिश बघता का?" तो म्हणाला. "सोमवारी एचआरला द्यायचंय."

मी पत्र वाचलं. इंग्लिश बरं होतं. 'ब्राइट फ्युचर' हे शब्द दोनदा आले होते, एवढीच अडचण. कंपनीनं अठरा वर्षं दिलेल्या संधीबद्दल आभार होते आणि यापुढे आपण पूर्णवेळ शेअर बाजारात काम करणार असल्याचं कळवलं होतं. जणू शेअर बाजार ही चाकणमधली दुसरी एखादी कंपनी आहे आणि तिथून ऑफर लेटर आलेलं आहे.

"वैशालीला सांगितलंय?" मी विचारलं. वैशाली म्हणजे त्याची बायको.

"सांगितलंय. ती दोन दिवस बोलंना झालीय." मग जरा थांबून म्हणाला, "म्हंजी पटलंय तिला."

थोडं माझ्याविषयी. मी एका ब्रोकरच्या चिंचवड शाखेत एकवीस वर्षं डीलर होते. ग्राहक फोनवर सांगायचा, अमुक शेअर इतके घ्या, आणि मी ती ऑर्डर संगणकावर टाकायची. टाकण्याआधी त्याचं म्हणणं त्यालाच परत म्हणून दाखवायचं, कारण फोन रेकॉर्ड व्हायचे. काम एवढंच. सल्ला द्यायचा नाही, हसायचं नाही, "अहो, परवाच तर विकलात" असं म्हणायचं नाही. पुढे सगळ्यांच्या मोबाइलवर ॲप आलं आणि लोकांना चूक करायला मध्ये माणूस लागेनासा झाला. शाखा बंद झाली, मी निवृत्त झाले.

ॲकॅडमी विक्रांत नावाच्या बत्तीस वर्षांच्या गृहस्थाची. दारावर त्याच्या नावाखाली 'हेड कोच' लिहिलेलं आहे. नवख्यांना तीन महिन्यांत ट्रेडिंग शिकवायचं हा त्याचा धंदा. मी त्यातला कोरडा भाग घेते: ऑर्डरचे प्रकार, कर, ब्रोकरेज, आणि स्टॉप लॉस. स्टॉप लॉस म्हणजे घेतलेल्या शेअरचा भाव अमुक एका आकड्याच्या खाली गेला की तो आपोआप विकला जावा, अशी आधीच देऊन ठेवलेली ऑर्डर. थोडक्यात, आपण चुकलो आहोत हे आपल्या वतीनं मशीननं कबूल करायची सोय. वर्गात चालू भाव दाखवायला सरकारी नियमानं बंदी आहे, निदान तीन महिने जुने दाखवावे लागतात. विक्रांतला या नियमाचं वाईट वाटतं. मला तो सोयीचा आहे. तीन महिने जुन्या बाजारात माझा अंदाज सहसा चुकत नाही.

आता दत्ता. वय एक्केचाळीस. चाकणजवळच्या गावातला. घरचे अजून थोडा कांदा करतात, पण दत्ता आयटीआय होऊन गियरचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागला आणि हळूहळू क्वालिटी इन्स्पेक्टर झाला. मशीनवरून आलेला पीस मापून तो ओके की रिजेक्ट हे ठरवणं त्याचं काम. आणि तो पर्मनंट आहे. चाकणच्या पट्ट्यात 'पर्मनंट' हा शब्द लोक पदवीसारखा नावामागे लावतात. लग्नाच्या बायोडेटात तो जन्मतारखेच्या वर असतो. पर्मनंट माणूस गेला की त्याच्या जागी पुन्हा पर्मनंट घेत नाहीत, कंत्राटी घेतात. सोडलेली जागा परत मिळत नाही, हे तिथल्या शाळेतल्या मुलांनाही माहीत असतं.

दत्ता सगळ्या बॅचमध्ये हुशार. दर शनिवारी मोशी-भोसरीच्या गर्दीतून मोटरसायकल काढत तासाभरानं यायचा आणि तरी सगळ्यांच्या आधी पोचलेला असायचा. कोर्स संपून सात महिने झाले तरी शंका विचारायला यायचा. त्याची एक वही होती. कंपनीच्या इन्स्पेक्शन रिपोर्टसारखे रकाने त्यानं पट्टीनं आखले होते: अनुक्रमांक, तारीख, शेअर, घेतला, विकला, ओके, रिजेक्ट, सही. प्रत्येक ट्रेडपुढे स्वतःचीच सही. सेकंड शिफ्टचा आठवडा असला की सकाळी बाजार उघडल्यावर ट्रेड करायचा आणि दुपारी कामावर जायचा. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात बंद, कारण मोबाइल गेटवर जमा होतो. वहीत चौसष्ट ट्रेड होते. एक्कावन्न ओके, तेरा रिजेक्ट.

विक्रांतनं हे आकडे ऐकले तेव्हा तो खुर्चीवरून उठला होता. त्याला तीन वर्षांत असा विद्यार्थी मिळाला नव्हता. रविवारी सकाळी अकराला सोनेरी अक्षरांसमोर दत्ताचा व्हिडिओ घ्यायचा ठरला. दत्ता राजीनाम्याचं पत्र कॅमेऱ्यासमोर धरणार, आणि विक्रांत त्याच्या खांद्यावर हात ठेवणार.

"पत्र माझ्याकडे राहू द्या," मी दत्ताला म्हटलं. "उद्या दुरुस्त करून आणते. वही पण द्या."

"वही कशाला?"

"आणि कॉन्ट्रॅक्ट नोटा आहेत का?"

"हायत की. फाइल केल्यात."

कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणजे दिवसभरात तुम्ही काय घेतलं, काय विकलं, कितीला, याचा ब्रोकरकडून येणारा कागद. हल्ली तो मेलवर येतो आणि कोणी उघडत नाही. दत्तानं प्रत्येक नोट प्रिंट काढून, पंच करून, तारीखवार फाइलला लावली होती. फाइलच्या कण्यावर लेबल होतं. एकवीस वर्षांत मला असा ग्राहक भेटला नव्हता. मला त्याचा अभिमान वाटला, आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. चिंचवडच्या शाखेत एक गृहस्थ यायचे. कंपनीची व्हीआरएस घेऊन त्यांनी बाजार धरला होता. सुरुवातीला सगळ्यांना चहा पाजायचे. दीड वर्षानं चहा बंद झाला, पण येणं चालू राहिलं. बाजार साडेतीनला बंद झाला तरी ते पंख्याखालच्या खुर्चीत पाचपर्यंत बसायचे. पैसे गेल्याचं त्यांनी घरी सांगितलं नव्हतं. ऑफिसातून येतोय असं दिसावं म्हणून ते पाच वाजायची वाट बघत. त्यांची ऑर्डर मीच त्यांना परत म्हणून दाखवायचे. रेकॉर्डिंग चालू असल्यामुळे बाकी काही म्हणता आलं नाही.

रविवारी सकाळी चहा घेऊन मी वही आणि फाइल शेजारी शेजारी ठेवली. मला खोट काढायची नव्हती. पत्रात 'गेल्या सात महिन्यांच्या यशानंतर' असं एक वाक्य होतं, ते बरोबर आहे का एवढंच पाहायचं होतं. डीलरची सवय अशी की आधी नग मोजायचे. वहीत चौसष्ट. फाइलमध्ये मोजले, सत्त्याण्णव. पुन्हा मोजले. सत्त्याण्णवच.

तेहेतीस ट्रेड वहीत नव्हते. आणि फाइलमध्ये त्या तेहेतीस ट्रेडपुढे लाल पेननं एक बारीक गोल होता. गोलात लिहिलं होतं: से.पी.

मी फोन लावला. वैशालीनं उचलला.

"ते अंगोळीला गेल्यात मॅडम. कोट आणलाय भाड्यानं, लग्नाच्या दुकानातनं. बाह्या लांब हायत, मी टाके घालतीय." मग आवाज खाली आला. "मॅडम, एक विचारू का? तुमी म्हणला का त्यांना नोकरी सोडा म्हणून?"

"नाही."

"मग बरंय. न्हाई, ते म्हणत्यात मॅडमनी शिकवलं तसंच चाललंय सगळं. माझा भाऊ अकरा वर्षं कंत्राटात हाय. दर सहा महिन्यानी कार्ड बदलतंय त्याचं. आन् ह्यास्नी पर्मनंट नको झालंय."

तेवढ्यात दत्ता आला. मी सरळ विचारलं, "दत्ता, से.पी. म्हणजे काय?"

"सेटिंग पीस."

"म्हणजे?"

"आता बघा मॅडम. सकाळी मशीन चालू केली की पयले दोन-तीन पीस बरोबर येत न्हाईत. टूल बसायचा असतो, मशीन गरम व्हायची असती. ते पीस आमी मोजत न्हाई. ते सेटिंग पीस. लाल बिनमधे टाकायचे. खरं प्रॉडक्शन त्याच्या म्होरं."

"आणि ट्रेडिंगमध्ये?"

"तसंच की. सकाळचा पयला ट्रेड सेटिंगचा. बाजाराचा अंदाज यायचा असतो, आपलं डोकं बी गरम व्हायचं असतं. तो गेला तर गेला."

तो इतक्या सहज बोलत होता की क्षणभर मलाही ते पटलं. त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. लपवायचं असतं तर लाल पेननं गोल कोण करेल? अठरा वर्षं जे केलं तेच त्यानं इथंही केलं होतं.

"पहिला ट्रेड चांगला निघाला तर?"

"मंग ओकेमधे घेतो."

"कंपनीत सेटिंग पीस चुकून चांगला निघाला, तर ओकेमध्ये घेता?"

"कंपनीत?" त्याचा आवाज एकदम कडक झाला. "न्हाई मॅडम. कसा घेणार? सेटिंग पीस म्हंजी सेटिंग पीस. चांगला असू दे न्हाई तर वाईट. ऑडिटला दांडी उडंल माझी."

मागे वैशालीनं काहीतरी विचारलं. तो तिला म्हणाला, "थांब जरा."

"या अकराला," मी म्हटलं. "पेन आणा."

अकराला ॲकॅडमीत रिंग लाइट लागला होता. कॅमेरावाला वायरी सरळ करत होता. दत्ता मरून रंगाच्या कोटात उभा होता आणि कोटाच्या खिशात त्याचं कंपनीचं पेन होतं. विक्रांत उत्साहात होता.

"मॅडम, या या. पत्र आणलंत ना? फर्स्ट शॉट पत्राचा."

"आणलंय. दहा मिनिटं दत्ताला जरा काम आहे."

"मॅडम, लाइट सेट आहे. आणि प्लीज, आज निगेटिव्ह काही नको. हा लाइफ चेंजिंग मोमेंट आहे."

"म्हणूनच," मी म्हटलं आणि रिसेप्शनच्या टेबलावर वही आणि फाइल ठेवली. "दत्ता, बसा. समजा मी व्हेंडर आहे. मला तुमच्या कंपनीला माल द्यायचाय. हा माझा रेकॉर्ड. तुम्ही ऑडिटला आलात."

दत्तानं माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. त्यानं कोट काढला, खुर्चीच्या पाठीला लावला, आणि बसला. त्याचा चेहरा बदलला. शनिवारी शंका विचारणारा विद्यार्थी मला ओळखीचा होता. हा मनुष्य मी पहिल्यांदाच पाहत होते. याच्यासमोर माल घेऊन यायला मलाही दोनदा विचार करावा लागला असता.

"प्रॉडक्शन किती?" त्यानं विचारलं.

"सत्त्याण्णव."

"रेकॉर्ड चौसष्टचा. तेहेतीस कुठं?"

"सेटिंग पीस होते, साहेब."

"सगळे?"

"खराब निघालेले सगळे."

"आन् चांगले निघालेले?"

"ते ओकेमध्ये घेतले."

तो फाइल उघडून एकेका नोटेवर टिक करू लागला. मधे मला म्हणाला, "कागद द्या एक." विक्रांतनं त्याच्या लेटरहेडचा कागद दिला. दत्तानं त्याच्या मागच्या बाजूला पट्टीशिवाय, पण सरळ रेघा मारल्या. सत्त्याण्णवही ट्रेड लिहिले. एक्कावन्न ओके. शेहेचाळीस रिजेक्ट.

"बघा, तरी मेजॉरिटी आपली आहे," विक्रांत म्हणाला. तो मागे उभा राहून वाकून पाहत होता.

"नुसता आकडा धरून चालत न्हाई सर," दत्ता मान वर न करता म्हणाला. "डायमेन्शन, म्हंजी माप बघावं लागतं. ओके पीस बारके हायत. रिजेक्ट मोठे हायत." त्यानं मोबाइलवर बेरीज केली. पुन्हा केली. मग ब्रोकरेज आणि कर वजा केले, जे मी शिकवलं होतं आणि जे शिकवताना मागच्या बाकावर कोणीतरी हमखास जांभई देतं. शेवटचा आकडा त्यानं लिहिला नाही. तो फक्त म्हणाला, "दिवाळीचा बोनस गेला की ह्यात."

कॅमेरावाल्यानं विचारलं, "सर, लाइट बंद करू का? तापतोय."

दत्तानं वही बंद केली, मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरांत 'होल्ड' असं लिहिलं, खाली तारीख घातली आणि सही केली. ज्या मालाबद्दल शंका आहे, तो कंपनीत असा बाजूला ठेवतात. त्याला कुणी हात लावत नाही.

"दत्ता भाऊ, अरे सात महिने म्हणजे काहीच नाही," विक्रांत म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. त्यानं रिंग लाइट भाड्यानं आणला होता. "हे लर्निंग आहे. लर्निंगची फी असते. व्हिडिओ तर करू. पुढचा प्रवास पुढे."

"सर, होल्डवरचा माल डिस्पॅच होत न्हाई," दत्ता म्हणाला. आणि कोट घडी घालू लागला.

मला हायसं वाटलं. मी पत्र त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, "हे फाडा आता. सोमवारी शिफ्टला जा नेहमीसारखे."

त्यानं पत्र फाडलं नाही. ते हातात धरून तसाच उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मॅडम, हे इंग्लिशमधलं हाय. मराठीतलं शुक्रवारीच दिलंय. इनचार्ज साहेबास्नी. ते सोमवारी सकाळी एचआरला पाठवणार."

विक्रांतनं कॅमेरावाल्याला लाइट बंद करायची खूण केली.

"फोन करा त्यांना," मी म्हटलं.

दत्तानं केला. लागला नाही. पुन्हा केला. इनचार्ज साहेब रविवारी साताऱ्याकडे त्यांच्या गावी जत्रेला गेले होते आणि तिथं रेंज नव्हती. दत्तानं मेसेज पाठवला. एकच बरोबरची खूण आली, दुसरी आली नाही. तो अर्धा तास ती खूण बघत बसला. विक्रांतनं त्याला पाणी दिलं, मग चहा मागवला, मग स्वतःच खाली जाऊन वडापाव घेऊन आला. 'हेड कोच' असं दारावर लिहिलेल्या माणसानं केलेलं ते मला आवडलेलं पहिलं काम.

"साहेब कसे आहेत?" मी विचारलं.

"लई कडक. कामाचा माणूस. आलेला कागद टेबलावर ठेवत न्हाईत, म्होरं पाठवून मोकळे."

चाकणच्या सगळ्या कंपन्यांत मिळून कागद वेळेवर पुढे पाठवणारा एकच इनचार्ज असावा आणि तो नेमका दत्ताच्या नशिबी यावा, याचं मला नवल वाटलं.

सोमवारी त्याची फर्स्ट शिफ्ट होती. साडेसहाला सुरू होते. साहेब आठला येतात. मोबाइल गेटवर जमा. म्हणजे काय झालं हे टी-ब्रेकला, साडेनऊला कळणार. मी सकाळपासून फोन जवळ ठेवला होता. एकवीस वर्षं मी दुसऱ्याच्या पैशावर रोज बाजार उघडताना पाहिला, तेव्हा घड्याळाकडे इतक्यांदा कधी पाहिलं नव्हतं. सव्वानऊला सवयीनं टीव्ही लावला. बाजार वर होता. कुठला शेअर किती वर, हे मला आता आठवत नाही.

नऊ पस्तीसला अनोळखी नंबरवरून फोन आला. कँटीनच्या ठेकेदाराचा होता, दत्तानं मागून घेतला होता. मागे ताटांचा आवाज येत होता.

"मॅडम, साहेबांनी कागद पाठवलाच न्हाई."

"का? मेसेज मिळाला त्यांना?"

"न्हाई, मेसेजच्या आधीच. शुक्रवारीच बाजूला काढून ठेवला हुता. म्हणले, मुंगसे, अठरा वर्षं झाली तुला, आपल्याकडं कुठला कागद फॉर्मॅट नंबर बिगर जातो का? राजीनाम्याचा बी फॉर्मॅट हाय म्हणले. नंबर न्हाई, रिव्हिजन न्हाई, ऑडिटला चूक लागती, नॉन-कन्फॉर्मन्स. परत घे आन् बरोबर फॉर्मॅटवर भरून आण."

"मग?"

"म्हणलं, न्हाई साहेब, ऱ्हावू द्या. मंग त्यांनी कागद मशीनमधे घातला. बारीक करायच्या. आन् म्हणले, जा, तीन नंबरच्या मशीनचा फर्स्ट पीस यायचाय."

मी फोन ठेवला आणि टीव्ही बंद केला. इनचार्ज साहेबांनी फॉर्मॅटचं कारण मुद्दाम काढलं की ते खरंच तसे आहेत, हे मला आजतागायत कळलेलं नाही. दत्ताला विचारलं, तर तो म्हणतो, साहेबांच्या तोंडावरून काही कळत न्हाई. काहीही असो. ज्या कागदी कारभाराला मी आयुष्यभर नावं ठेवली, त्यानं एका माणसाची नोकरी वाचवली. माझ्या सगळ्या शिकवण्यापेक्षा एका न छापलेल्या नंबरचं काम मोठं निघालं.

दत्तानं बाजार लगेच सोडला नाही. तो म्हणाला, एका लॉटवरून कुणाला कायमचं बाद करत नाहीत, नियमाप्रमाणं ट्रायल घेतात. त्यांच्याकडे नवी मशीन आली की तीनशे पीसची ट्रायल होते. त्यातले किती रिजेक्ट चालतील हे आधी लिहून, सही करून ठेवायचं, मग मशीन चालू करायची. त्यानं तसंच केलं. पैसे न लावता, नुसते वहीत, तीनशे ट्रेड करायचे. सेटिंग पीससकट सगळे मोजायचे. मर्यादा आधीच लिहून माझी साक्षीदार म्हणून सही घेतली. पाच महिन्यांनी एका शनिवारी तो आला आणि वही माझ्यापुढे ठेवली. एकशे अठराव्या ट्रेडला मर्यादा ओलांडली होती. त्यानं तिथं रेघ मारून 'लॉट रिजेक्ट' लिहिलं होतं. पुढची पानं कोरी होती.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. झोप लागती आता. आन् वैशाली बोलायला लागलीय." मग जरा विचार करून, "जरा जास्तच बोलती."

नवख्या माणसाला ट्रेडिंग शिकवता येतं का, असं मला लोक विचारतात. ऑर्डर टाकायला शिकवता येतं. स्टॉप लॉस लावायला शिकवता येतं, तो काढून न टाकायला शिकवणं अवघड आहे. मोजायला शिकवता येतं, पण त्यासाठी माणूस आधी दुसरीकडे मोजायला शिकलेला असावा लागतो. नफा मिळवायला कसं शिकवायचं ते मला माहीत नाही. डीलरला स्वतःच्या खात्यावर ट्रेड करायला आमच्या ब्रोकरकडे बंदी होती, आणि निवृत्तीनंतर मी ती स्वतःहून पुढे चालू ठेवली. वर्गात आजवर हे मला कोणी विचारलेलं नाही.

विक्रांत मात्र खऱ्या अर्थानं धंदेवाला. व्हिडिओ बुडाला म्हणून तो आठवडाभर नाराज होता. मग त्यानं ॲडव्हान्स कोर्समध्ये एक नवा विषय घातला: ट्रेडरसाठी क्वालिटी कंट्रोल. तो शिकवायला दत्ताला बोलावलं. दत्तानं आधी कंपनीची लेखी परवानगी घेतली, योग्य त्या फॉर्मॅटवर. आता तो महिन्यातले दोन रविवार येतो, फळ्यावर रकाने आखतो आणि पहिल्या तासाला सांगतो, "पयला ट्रेड बी मोजायचा. आन् नोकरी सोडायची न्हाई." पोरं वहीत लिहून घेतात. त्याचं मानधन दर सात तारखेला जमा होतं. कोट त्यानं विकत घेतला आहे.

सोनेरी अक्षरं अजून भिंतीवर आहेत. ॲकॅडमी सुरू झाल्यापासून ट्रेडिंगमधून दरमहा न चुकता पैसे मिळवणारे आम्ही आता तिघे झालो आहोत: विक्रांत, मी आणि दत्ता.